उजेडापुढे धरलेली चिठ्ठी

मुलांनो, अशी कल्पना करा की तुमच्या हातात करवत आहे आणि तुम्ही एक फळी कापताय. सुरुवातीला खर्र खर्र छान चाललंय. वीतभर आत गेल्यावर मात्र करवत अडते. पुढे जाईना, मागे येईना. स्वतःच कापलेल्या फटीत ती घट्ट रुतून बसलीय. आता तसेच थांबा, मूठ सोडू नका. तोवर मी एका मुलीची गोष्ट सांगतो.

तिला वर्गात सगळे पेन्सिल म्हणत. एक तर ती काटकुळी, आणि दुसरं म्हणजे तिच्या कानावर कायम पेन्सिल अडकवलेली. ही सवय तिनं बाबांची उचलली होती. बाबा करवतींना धार लावायचे. जिन्याखाली त्यांचं दुकान होतं, दरवाजाएवढं रुंद. आत करवत आवळून धरणारा एक शिकंजा, भिंतीवर लहानमोठ्या कानशी आणि खाली लोखंडाचा काळा चुरा. तो चुरा बाबांच्या नखांत असा बसला होता की साबणानंही हात टेकले होते.

एकदा इंग्रजीच्या बाईंनी वर्गाचे तीन गट केले आणि प्रत्येक गटाला एकेक शब्द दिला: रन, टेक आणि सेट. कुठल्या शब्दाला जास्त अर्थ, ते शोधायचं. बाई म्हणाल्या, मोठाले शब्द पाहुण्यांसारखे असतात, एकाच खुर्चीत बसून राहतात. छोटे शब्द घरच्या माणसांसारखे, दिसेल त्या कामाला हात लावतात. पण शब्दकोश उघडायचा नाही. जो अर्थ मिळवायचा तो माणसाच्या तोंडून. एका चिठ्ठीवर वर अर्थ लिहायचा, खाली सांगणारा आपला कोण आणि तो काय काम करतो ते. ती खालची ओळ खरी नसेल तर चिठ्ठी बाद.

वर्गात दोरी बांधली गेली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चिठ्ठ्या लटकू लागल्या. रनवाल्यांनी गाडी पळवली, नळ वाहता सोडला, दुकान चालवलं, निवडणुकीला उभे राहिले. कुणाच्या शिंपी मावशीनं तर मोज्यातल्या उसवत गेलेल्या धाग्यालाही रन म्हणतात असं सांगितलं. टेकवाले औषध घेत होते, फोटो काढत होते, पण त्यांची गाडी जरा मागेच होती. सेट मात्र रनच्या पाठीला पाठ लावून चालला होता. सूर्य मावळला, जेवणाचं टेबल मांडलं गेलं, गजर लागला, सिमेंट घट्ट झालं, मोडलेलं हाड जागेवर बसलं.

पेन्सिल सेटच्या गटात होती. तिनं दुकानात जाऊन बाबांना विचारलं. त्यांचं इंग्रजीशी काही देणंघेणं नव्हतं, तरी ते हसले. हा शब्द तर आमच्या रोजच्या कामातला, म्हणाले. शिकंज्यातली करवत सोडवून त्यांनी ती खिडकीपुढे धरली आणि एक डोळा मिटला.

"हे बघ. एक दात डावीकडे, एक उजवीकडे, केसभर वाकवायचा. याला सेट म्हणतात. मग करवत आपल्या जाडीपेक्षा थोडी रुंद वाट कापते. सगळे दात सरळ ठेवले की ती आपल्याच फटीत अडकते. आणि हे उजेडापुढे धरल्याशिवाय दिसत नाही."

पेन्सिलनं सगळं टिपून घेतलं आणि खाली ठसठशीत लिहिलं: 'बाबा. करवतींना धार लावतात.'

दुसऱ्या दिवशी गट चिठ्ठ्या एकत्र करायला बसला. हाड बसवण्याचा अर्थ एकीच्या डॉक्टर आत्यानं दिला होता, सिमेंटचा दुसऱ्याच्या कंत्राटदार काकांनी. कुणाचे आजोबा न्यायाधीश, कुणाची आई बँकेत मॅनेजर. गटात एक मुलगा होता, जो प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा, म्हणून त्याला वकील म्हणत. तो म्हणाला, आपल्या दोरीवर नुसते साहेबलोक दिसतायत, रनवाल्यांकडे बघा, शिंपीण आणि हमाल! सगळे हसले. पेन्सिलही हसली. हसता हसता तिनं आपली चिठ्ठी मांडीवर घेतली, खोडरबर फिरवला आणि खाली लिहिलं: 'मामा. इंजिनीअर.'

तिला मामा होता, पण इंजिनीअर नव्हता. त्याला घरातला दिवा बदलता यायचा नाही, शेजाऱ्याला हाक मारायचा. आणि कानावरची पेन्सिल? ती तिनं त्याच दिवशी दप्तरात टाकली.

शनिवारी मोजणी झाली. टेकचे अर्थ एकतीस, रनचे चाळीस आणि सेटचे एक्केचाळीस. सेटवाले बाकं बडवू लागले. पण रनच्या गटातली एक मुलगी उठली. करवतीच्या दातांचं म्हणे सेट, हे आम्ही कधी ऐकलं नाही, कशावरून खरं? ती चिठ्ठी गेली की बरोबरी होत होती.

बाई म्हणाल्या, हे तर लगेच कळेल. शाळेच्या सुतारकामाच्या खोलीत आज करवतींना धार लावायला एक कारागीर आले आहेत. त्यांनाच विचारू. आणि त्यांनी वकिलाला पिटाळलं.

ते कारागीर म्हणजे पेन्सिलचे बाबाच. पालकसभेला नेहमी आई यायची, त्यामुळे बाबांना इथे कुणी ओळखत नव्हतं. बाबा शाळेत येणार हे तिला सकाळपासून ठाऊक होतं. मधल्या सुट्टीत ती मुद्दाम लांबच्या जिन्यानं उतरली होती.

बाबा दारात आले. चपला बाहेर काढून ठेवू लागले तेव्हा बाईंनी राहू द्या म्हटलं. त्यांच्या केसांत चुरा होता आणि कानावर पेन्सिल. त्यांनी एकदाच वर्गावरून नजर फिरवली, ती मुलीपाशी थोडी थांबली आणि पुढे गेली. तिनं मान खाली घातली.

बाईंनी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. बाबा अक्षरं सावकाश लावत. ओठ हलवत त्यांनी वरचा अर्थ वाचला, मग खालची ओळ. मग, हाताला लागलेली सवय, त्यांनी चिठ्ठी खिडकीच्या उजेडापुढे धरली आणि एक डोळा मिटला. वर्गात खसखस पिकली. पेन्सिल तेवढी हसली नाही. ती जोर देऊन लिहायची. आधीच्या ओळीचं शिसं खोडलं गेलं होतं, पण कागदावरचे खळगे तसेच होते, आणि ते कसं बघायचं हे तिनंच तर त्यांच्याकडून पाहिलं होतं.

बाबांनी बराच वेळ लावला. मग चिठ्ठी बाईंना परत दिली.

"बरोबर आहे, बाई," ते म्हणाले. "इंजिनीअरसाहेबांनी अगदी बरोबर सांगितलंय."

एवढंच. वकिलानं मोठ्यानं आरोळी ठोकली, टाळ्या वाजल्या, कुणीतरी पेन्सिलच्या पाठीवर थाप मारली. बाबा पाठमोरे होऊन निघून गेले. पावलांचा आवाज जिन्यावरून खाली खाली जाईपर्यंत ती ऐकत होती. त्यांनी तिच्याकडे रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. सगळे तिच्यासाठी टाळ्या वाजवत होते आणि तिला बाकाखाली शिरावंसं वाटत होतं.

मग ती उठली. दोरीपाशी जाऊन बाईंनी पुन्हा लावलेली चिठ्ठी तिनं चिमट्यातून ओढून काढली.

"ही धरू नका, बाई. इंजिनीअर कुणी नाहीये." तिनं दाराकडे बोट दाखवलं. "आत्ता आले होते ते माझे बाबा. त्यांनीच सांगितलं होतं."

टाळ्या थांबल्या. वकील पुटपुटला, झालं, घातलं पाण्यात. बाई तिला रागावल्या नाहीत. पण नियम तो नियम. त्यांनी फळ्यावरचा एक्केचाळीस पुसला आणि चाळीस लिहिला. अर्थ खरा असूनही चिठ्ठी बाद झाली. गटातल्या कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही. बाईंना विचारून ती वर्गाबाहेर पडली.

सुतारकामाच्या खोलीत बाबा शिकंज्यावर वाकले होते. कानस चालू होती. ती समोर येऊन उभी राहिली तरी त्यांनी दातांवरची नजर हलवली नाही. तिला बरंच काही बोलायचं होतं. एकही शब्द फुटेना, छोटा नाही की मोठा नाही.

तेव्हा तिनं चिठ्ठी टेबलावर चुऱ्यातच ठेवली, हात पुढे करून बाबांच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली, 'मामा. इंजिनीअर.' वर काट मारली आणि जुन्या खळग्यांवरूनच, पूर्वीपेक्षा जास्त जोर देऊन, पुन्हा लिहायला लागली.