साडूचा कॅमेरा

चष्मेवाल्याला सासरी मान होता तो दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे तो थोरला जावई होता आणि दुसरी म्हणजे त्याच्याकडे कॅमेरा होता. थोरला जावई होण्यात त्याचं स्वतःचं कर्तृत्व काहीच नव्हतं, बायको आधी जन्मली होती इतकंच. म्हणून त्याचा सगळा जीव कॅमेऱ्यात. डीएसएलआर होता, त्यातला सगळ्यात साधा, नवशिके घेतात तो. पण सासरी सगळे त्याला ‘मोठा कॅमेरा’ म्हणत. बारा वर्षांत त्या घरातला एकही वाढदिवस त्याच्याशिवाय झाला नव्हता. त्याने पिशवीची चेन उघडली की सासूबाई केस सारखे करायला आत पळत आणि सासरे, जे चाळीस वर्षं पुस्तकं बांधून बांधून वाकले होते, तेही पाठ सरळ करून बसत.

मग धाकट्या मेव्हणीचं लग्न झालं. तिचा नवरा इमारतींमध्ये लिफ्ट बसवायचं काम करायचा. हसरा, बोलका, कुणाच्याही हातातली पिशवी आपण होऊन घेणारा. महिनाभरात घरात त्याचं नाव ‘लिफ्टवाला’ पडलं आणि त्याला ते आवडलंही. चष्मेवाल्याला मात्र त्याच्या दुकानावरून पडलेलं नाव बारा वर्षांत आवडलं नव्हतं.

एका रविवारी लिफ्टवाला आला तो गळ्यात एक छोटासा काळा कॅमेरा अडकवून.

“एवढासा?” चष्मेवाला म्हणाला.

“ह्यात आरसा नाही ना दादा. मिररलेस आहे. तुमच्या कॅमेऱ्यात आत आरसा असतो, फोटो काढताना तो वर उचलला जातो. म्हणून तो खटाक् आवाज येतो.”

“तो आवाज मला आवडतो.”

“मलाही आवडतो,” लिफ्टवाला म्हणाला.

त्याचं हेच वाईट होतं. भांडायला जावं तर समोर माणूसच नसायचा.

सासूबाईंनी नव्या कॅमेऱ्याला डोळा लावला आणि त्या ओरडल्याच, “अगं बाई, हा तर डोळा शोधतो!” खरंच, बघायच्या खिडकीत एक बारीक चौकोन धाकटीच्या डोळ्यावर जाऊन बसला होता. ती हलली की तोही हलत होता. चष्मेवाला अठरा वर्षं लोकांचे डोळे तपासत होता. आता साडूच्या गळ्यातलं यंत्रही डोळ्यातच घुसलं म्हणजे झालं की!

“बॅटरी किती चालते?” त्याने विचारलं.

“नका विचारू. दिवसाला दोन लागतात.”

“माझी एक आठवडाभर पुरते. आणि फ्लॅश?”

“नाही ह्याला.”

“माझ्यात आहे. आतच,” चष्मेवाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला आणि बटण दाबून त्याने फ्लॅश टपकन वर काढूनही दाखवला.

“कमी उजेडात तशी गरज पडत नाही ह्याला,” लिफ्टवाला म्हणाला, तेही अगदी अजिजीने, जणू काही त्याचीच चूक झाली होती.

परत जाताना चष्मेवाला गाडीत गप्प होता. बायकोने दोन सिग्नल वाट पाहिली आणि मग ती म्हणाली, “अहो, माझ्या बहिणीच्या नवऱ्याने कॅमेरा घेतलाय. तुमची किडनी नाही घेतली.”

“मी काही म्हटलं का?”

“तेच तर. फ्लॅश आत आहे म्हणालात, त्यानंतर तोंड उघडलेलं नाही.”

त्यानंतर चार-पाच महिने चष्मेवाला साडूला पाण्यात पाहत राहिला. घरच्या मोबाइल ग्रुपवर साडूचे फोटो आले की त्यांच्याखाली कौतुकाची रांग लागायची. चष्मेवाला ते फोटो मोठे करकरून बघायचा आणि एखादा वाकडा खांब किंवा कापलेला हात सापडला की त्याला त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

अशातच सासऱ्यांनी जाहीर केलं, की ते कारखाना बंद करताहेत. कारखाना म्हणजे घराच्या मागची एक खोली. एक खिडकी, पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, पुठ्ठ्यांच्या चळती, खळीचं पातेलं. चाळीस वर्षांत वाचनालयांची, वकिलांची, शाळांची हजारो पुस्तकं तिथे शिवली गेली होती. का बंद करताय विचारलं तर सासरे म्हणाले, “कंटाळा आला.” आणि विषय संपवला.

धाकटीने कल्पना काढली. “बाबांचा काम करतानाचा फोटो काढू या. मोठा करून बाहेरच्या खोलीत लावू. भाऊजी, तुम्ही पण काढा, हे पण काढतील. चांगला येईल तो लावायचा.”

“चांगला कुठला ते कोण ठरवणार?” चष्मेवाल्याने लगेच विचारलं.

“बाबा.”

शनिवारी दोघे साडू त्या खोलीत उभे राहिले. बाहेर ढग होते, खिडकीतून जेमतेम उजेड येत होता. सासरे शिवणीच्या पाटापाशी बसले, त्यांनी सुई उचलली आणि ती दोऱ्यासकट सासूबाईंकडे दिली. सासूबाईंनी दोरा ओवून परत दिली. चष्मेवाला मनात चरफडला. बारीक काम करणारे हात, सुई, दोरा, तेवढ्यात सासूबाईंचा पदर मध्ये आला आणि फोटो गेला. पलीकडे लिफ्टवाला भिंतीला टेकून बिनआवाजी फोटो काढत होता. काढतोय की नुसता उभा आहे तेही कळत नव्हतं. चष्मेवाल्याचा आरसा मात्र खटाक् खटाक् वाजत होता आणि दर खटाक्‌ला सासरे दचकून वर बघत होते. फोटो काळे येत होते. शेवटी नाइलाजाने त्याने फ्लॅश वर काढला आणि पाच-सहा फोटो मारले.

“झालं?” सासऱ्यांनी डोळे चोळत विचारलं.

संध्याकाळी ग्रुपवर दोघांचे फोटो पडले. साडूच्या फोटोत खिडकीचा उजेड सासऱ्यांच्या गालावरून हातावर उतरला होता, खळीच्या पातेल्याची कडसुद्धा चमकत होती. त्याच्या फोटोत सासरे पोलिसांनी पकडून आणल्यासारखे दिसत होते. त्यात डोळे लाल.

“भाऊजी, बाबांचं भूत केलंत की!” धाकटीने लिहिलं. पुढे हसण्याची चित्रं. घाईत लाल डोळे घालवायचं राहून गेलं होतं. नाहीतर ते तो नेहमी करायचा. कॉम्प्युटरवर त्यासाठी एक बटण होतं, एकदा दाबलं की डोळे काळेभोर.

सोमवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्याने दोघांचे फोटो मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी लावले. उद्देश सरळ होता, साडूच्या फोटोत खोट काढायची. नाकापासून सुरुवात केली. नाक स्वच्छ. बोटं स्वच्छ, नखातली खळही दिसत होती. मग तो डोळ्यांवर आला, कारण साडूच्या कॅमेऱ्याची सगळी शेखी डोळ्यांवर होती. डावा डोळा लखलखीत. उजवा मात्र जरा धुरकट होता, बाहुलीवर साय धरल्यासारखा.

“चुकला!” तो मोठ्याने म्हणाला. त्याला इतका आनंद झाला की तो उठून पाणी पिऊन आला.

पण पापण्या स्वच्छ होत्या. उजव्या डोळ्याच्या पापण्यांचा एकेक केस मोजता येत होता. केस स्वच्छ आणि बाहुली धुरकट, असं कॅमेऱ्याच्या चुकीने होत नाही. त्याने स्वतःचा फोटो मोठा केला, तोच, भुताचा. डावी बाहुली लालभडक होती. उजवी राखाडी.

अठरा वर्षांचा धंदा होता. फ्लॅशचा उजेड डोळ्याच्या आत पडद्यापर्यंत जातो, तिथून लाल होऊन परत येतो. एका डोळ्यातून लाल परत येतंय आणि दुसऱ्यातून येत नाही, म्हणजे वाटेत काहीतरी आडवं आलंय. मोतीबिंदू. तोही चांगलाच पिकलेला. कंटाळा कसला, माणसाला टाका दिसत नव्हता. आणि सुई ओवून घेतलेली त्याने स्वतः पाहिली होती. चरफडत पाहिली होती.

 त्याने जुने फोटो उघडले. मागच्या वर्षीचा सासूबाईंचा वाढदिवस, त्याआधीचा, त्याच्याही आधीचा. त्याच्याकडे मूळ फोटो सगळे होते, तो काहीच पुसायचा नाही. तीन वर्षांपूर्वी दोन्ही डोळे सारखे लाल. दोन वर्षांपूर्वी उजवा फिका. मागच्या वर्षी आणखी फिका. आणि प्रत्येक फोटोच्या शेजारी त्यानेच सुधारलेली प्रत होती, दोन्ही डोळे काळेभोर, देखणे. दोन वर्षं कॅमेरा सांगत होता आणि हा बसून ते बटण दाबत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता तो सासरी गेला. सासरे मागच्या खोलीत एकटेच होते, पुठ्ठे मोजत होते.

“बाबा, इकडे खिडकीपाशी बसा. डोळा तपासायचाय.”

“आत्ताच तर नंबर काढला होता.”

“तीन वर्षं झाली त्याला. दर वेळी तुम्ही पुढे ढकललंत.” त्याने टॉर्च काढला. “डावा डोळा झाका. माझी किती बोटं?”

सासऱ्यांनी डावा डोळा झाकून मान पुढे काढली. मग म्हणाले, “हात दिसतोय. बोटं नका विचारू, जावईबापू.”

“मला सांगायचं नाही होय? घरात चष्म्याचं दुकान असून?”

“म्हणूनच नाही सांगितलं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही खरं काय ते सांगितलं असतं.” त्यांनी टेबलावरचा एक पुठ्ठा उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. “माझे वडील आंधळे होऊन गेले. शेवटची सहा वर्षं भिंत धरून चालायचे. दोन महिन्यांपूर्वी वकिलांनी एक वही परत आणून दिली. पानं उलटी शिवली होती मी. त्या दिवशी ठरवलं, दुसरी वही परत यायच्या आत बंद करायचं.”

“बाबा, हा मोतीबिंदू आहे. अर्ध्या तासाचं ऑपरेशन. तुमच्या वडिलांच्या वेळेसारखं नाही राहिलं आता.”

“नक्की?”

“माझ्या धंद्याची शपथ.”

सासऱ्यांनी तोंड फिरवलं आणि ते खिडकीची कडी चाचपत राहिले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पंधरा दिवसांत ऑपरेशन झालं, उत्तम झालं. दवाखान्याच्या बाकावर धाकटीने विचारलं, “पण भाऊजी, तुम्हाला कळलं कसं?”

चष्मेवाल्याने भुताच्या फोटोची गोष्ट सांगितली. सांगताना त्याच्या आवाजात चढ आलाच. सगळे ऐकत राहिले. लिफ्टवाल्याने तर टाळीच दिली. “कमाल आहे दादा! माझ्या कॅमेऱ्याला फ्लॅशच नाही. मी हजार फोटो काढले असते तरी हे कळलं नसतं.”

बारा वर्षांत मिळाला नसेल इतका मान त्या पाच मिनिटांत मिळाला. सासूबाईंनी डोळे पुसले. बायको मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होती. मागच्या वर्षीच्या वाढदिवसाचे फोटो त्याने तिच्या शेजारी बसून साफ केले होते. 

औषधाच्या दुकानात साडू बरोबर होता. चष्मेवाल्याने मोबाइल काढला आणि जुने फोटो दाखवले, आधी मूळचे, मग सुधारलेले. “दोन वर्षं,” तो म्हणाला. “हे मीच पुसत आलो. आणि त्या दिवशी बघायला बसलो ते तुझ्या फोटोत खोट काढायला. बाबांसाठी नाही.”

लिफ्टवाल्याने सगळे फोटो सावकाश पाहिले. “मला वाटायचंच,” तो म्हणाला. “की तुम्हाला माझा राग आहे.”

“राग नाही रे. जळतो मी तुझ्यावर.”

“माझ्यावर? दादा, घरात कुणाला चक्कर आली तरी हे लोक तुम्हाला फोन करतात. मला फक्त जड सामान असलं की.” मग त्याने मोबाइल परत दिला. “हे घरात सांगत बसू नका. तुमचं तुम्हाला कळलं ना, पुरे.”

इतका भला साडू मिळणं हेही एक दुखणंच. चष्मेवाल्याला क्षणभर वाटलं, ह्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गाडीत बसल्यावर त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं. “माहीत आहे,” ती म्हणाली. “तुम्ही कधी सांगता तेच बघत होते.”

महिन्याभराने सासऱ्यांनी मागची खोली पुन्हा उघडली, दिवसातून दोन तास. वकिलांची वही उसवून सरळ शिवून दिली. आणि मग फोटो निवडायला बसले. दोन्ही फोटो त्यांनी हातात धरून, जवळ-लांब करून पाहिले.

“हा,” ते म्हणाले. साडूचा.

चष्मेवाल्याने तो फोटो आता खोट न शोधता पाहिला. खळीचं पातेलं, उजेडातले हात, मान वाकवून बसलेला म्हातारा. “हाच चांगला आहे,” तो म्हणाला. ते खरं होतं.

रविवारी फोटो लावला. लिफ्टवाल्याने ड्रिल आणलं, पाणपातळी आणली. चौकटीवर ती ठेवून त्याने बुडबुडा बरोबर मधोमध आणला. चष्मेवाला मागे उभा राहून बघत होता. 

“थोडा डावीकडे झुकलाय,” तो म्हणाला.

लिफ्टवाल्याने पाणपातळीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने चौकट डावीकडून एक बोट वर उचलली.

कोपऱ्यातल्या खुर्चीत सासरे चहा पीत होते. त्यांनी चष्मा काढला आणि नव्या डोळ्याने भिंतीकडे पाहिलं.

“जावईबापू,” ते म्हणाले, “सरळ होता की मघाशी.”