आतले दार उघडेच होते

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. माझी एक अँटेना कोंबडीने मोडली, तरी झोम्बा गावातल्या लामेकीच्या घरी मी इमानेइतबारे राबलो. शेजारच्या खोलीत अंडी उबवायची पेटी आहे आणि पडदा फुटलेला एक लॅपटॉप तिचा सर्व्हर आहे. पेटी फार तापली की लामेकी किंवा त्याची बायको तामांदानी, असतील तिथून फोनवर बघून तिचा दिवा मंद करत. बाहेरची हाक सर्व्हरपर्यंत पोचवायचो मीच. तेव्हा माझे कौतुकही होई.

मग कंपनीचा माणूस नवा पांढरा राउटर बसवून गेला. बाहेरची तार आता त्याला आणि मी त्याच्या मागे. लामेकीने खाटेवर बसूनच फोन उघडला, पेटी दिसली, स्वारी खूश! मला मात्र वाईट वाटले, कारण ती हाक बाहेरून आलीच नव्हती.

पुढे तामांदानीचा मामा वारला. ती बायकांबरोबर ट्रकने आधी गेली. दुसऱ्या दिवशी दफनाला लामेकीने जायलाच हवे होते. आमच्याकडे जो मयताला जात नाही त्याच्या मयताला कुणी येत नाही, आणि हा तर जावई. पण अंडी फुटायच्या बेतात होती आणि घरात मागे कुणीच उरणार नव्हते.

इतक्यात तामांदानीचा फोन आला. "अहो, पेटी दिसेना!"

"इथं तर झकास दिसतेय. तुझ्याच फोनचं डोकं फिरलंय."

मागून सासूबाई कडाडल्या, "जावईबापू स्वतःच अंड्यांवर बसलेत का? म्हणावं, मामा एकदाच मरतो!"

लामेकी चिडला. "हा खटाराच बिघडलाय, फेकून देतो," म्हणत त्याने माझी तार धरली. मी घाबरलो. माझा काय गुन्हा?

"थांबा!" तामांदानी म्हणाली. "घरात बसून कसलं दार तपासताय? फोनचं वायफाय बंद करा आणि कुंपणाबाहेर जाऊन बघा."

तो गेला आणि तोंड पाडून परत आला. बाहेर त्यालाही पेटी दिसली नव्हती. मग त्याची नजर पांढऱ्या राउटरवर गेली.

"अगं, दारात हा दुसराच राखणदार बसलाय! आलेल्याला आत कुठं पाठवायचं, हे ह्याला सांगितलंच नाही मी."

"मग सांगा की!"

त्याने नव्याला माझा पत्ता दिला आणि पुन्हा कुंपणाबाहेर गेला. या वेळी हाक माझ्यापर्यंत आली. मी ती लगेच सर्व्हरकडे नेली.

दुसऱ्या दिवशी लामेकीने मामाला खांदा दिला. दुपारी पेटी तापली, तेव्हा त्याने मयताच्या अंगणातूनच दिवा मंद केला. दोघे परतले तेव्हा घरभर चिवचिवाट होता. तामांदानीने पदराने माझी धूळ पुसली. तेवढ्याने मी भरून पावलो.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना फेकण्याआधी एवढे करा. उंबरठा ओलांडा, कुंपणाबाहेर उभे राहा आणि तिथून आपल्याच घराला हाक मारून बघा.