शुभाचा डावा पाय

शुभाचा डावा पाय सुजायला लागला तेव्हा अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावातला बर्फ नुकता वितळत होता. आधी घोटा भरला, मग पोटरी, आणि बघता बघता मांडीही अशी फुगली की पॅन्ट चढेना. उजव्या पायाला काही म्हणजे काही झालं नव्हतं.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तिला यामिनीची किडनी बसवली होती. यामिनी तिची धाकटी बहीण, कॅलिफोर्नियात सांता क्लाराला राहणारी. ऑपरेशननंतर शुभा इतकी टवटवीत झाली की पुन्हा पोहण्याच्या तलावावर जायला लागली. कॉलेजात असताना तिने पोहण्याची बक्षिसं पटकावली होती आणि इथे ट्रॉयमध्ये पन्नाशी उलटलेल्या कितीतरी मराठी बायकांची पाण्याची भीती तिनेच घालवली होती. अशी बाई आता सोफ्यावर उशीवर पाय ठेवून बसलेली पाहून श्रीरंगला, तिच्या नवऱ्याला, घरात चैन पडेना.

डॉक्टरांनी रक्ताची गुठळी शोधली, ती नव्हती. इन्फेक्शन शोधलं, तेही नव्हतं. शेवटी घट्ट मोजे देऊन घरी पाठवलं. पुढे तळपायावर दोन जांभळट डाग उठले, तेव्हा शुभाला वाटलं, मोज्यांनीच वळ पडले असतील. पण तिच्या नेहमीच्या डॉक्टरांना ते डाग आवडले नाहीत. त्यांनी तिला त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवलं. ही डॉक्टर रीमा मिशिगनमध्येच जन्मलेली, मराठी मुलगी. तिने डागाचा तुकडा तपासायला घेतला आणि जांघेत सुजलेल्या गाठीचाही घ्यायला लावला.

रिपोर्ट आला तेव्हा रीमाने खुर्ची जवळ ओढली. "मावशी, हा कपोसी सार्कोमा आहे. एक प्रकारचा कॅन्सर."

श्रीरंगचा चेहरा उतरला. "पण हा तर... एड्सवाल्यांना होतो ना?"

"त्यांना जास्त होतो, काका. मावशींची एचआयव्ही टेस्ट निगेटिव्ह आहे, मी परत करून घेतली. हा वेगळाच व्हायरस असतो. खूप लोकांच्या अंगात वर्षानुवर्षं गप्प पडून असतो. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून आपण मावशींची प्रतिकारशक्ती दाबली, आणि याला मोकळं रान मिळालं. यूजुअली आधी डाग दिसतात. मावशींच्या केसमध्ये आधी गाठी वाढल्या आणि पाय सुजला, म्हणून कळायला उशीर झाला."

"औषधं बंद केली तर?" शुभाने विचारलं.

"तर कॅन्सर कदाचित मागे हटेल. पण किडनी जाऊ शकते."

"ते नाही व्हायचं," शुभा ताडकन म्हणाली. "ती माझी नाही, यामिनीची आहे."

रीमाने किडनीच्या डॉक्टरांशी बोलून दुसरा मार्ग काढला होता. आताचं औषध काढून त्या जागी सिरोलिमस द्यायचं. तेही किडनी सांभाळतं, आणि या कॅन्सरची वाढही रोखतं. फक्त औषध बदलताना किडनीला थोडा धोका असतो. केमोथेरपी हाताशी ठेवायची, लागलीच तर.

"खात्री आहे?"

"नाही, मावशी. पण पुष्कळ पेशंट्सना फायदा झालाय. बेस्ट चान्स हाच आहे."

घरी आल्यावर शुभाने यामिनीला फोन लावला, आणि कसंबसं सगळं सांगून रडायलाच लागली. यामिनीने तिला मनसोक्त रडू दिलं.

"झालं? आता ऐक, ताई. मी किडनी दिली ती तू जगावंस म्हणून, कपाटात जपून ठेवायला नाही. गेली तर गेली! डायलिसिसवर बसून तू सगळ्यांशी भांडशील, पण असशील ना? गोळी घे."

शुभाने गोळी सुरू केली. आधी तोंड आलं. गार दहीभाताशिवाय काही गिळवेना. मग किडनीचं काम बिघडलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन वर सरकलं, आणि किडनी रुसली की काय या धास्तीने नवरा-बायको दोघंही एकमेकांची नजर चुकवत वावरले. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. त्यापुढच्या तपासणीत आणखी खाली.

आणि एके सकाळी शुभा पायाला तेल लावत बसली असताना श्रीरंग चहाचा कप घेऊन आला आणि दारातच थबकला.

"अगं, घोटा! तुझा घोटा दिसतोय!"

दोघंही खाली वाकून त्या हाडाच्या उंचवट्याकडे बघत राहिले. शुभाने बोटाने चाचपून पाहिलं, आणि मग असं हसू फुटलं तिला की चहा सांडला तरी दोघांना पत्ता नाही. त्यानंतर पोटरी उतरली, मांडी उतरली. डाग तपकिरी झाले, मग पुसट. स्कॅनमध्ये गाठी पार आक्रसलेल्या दिसल्या आणि रीमा डॉक्टरकी विसरून टाळ्या वाजवत सुटली.

शुभा तलावावर परतली, त्या दिवशी बायकांची कुजबुज तिला लांबूनच ऐकू आली. कुणीतरी आजाराचं नाव फोनवर शोधलं होतं, आणि तिथे एड्स हा शब्द सापडला होता. ती काठावर उभी राहिली, पाय पुढे केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मला कपोसी सार्कोमा झाला. एचआयव्ही नाही मला. पण असता, तरी मी इथेच उभी असते आणि तुम्हाला पोहायला शिकवत असते. पोहण्याने यातलं काहीच कुणाला होत नाही. चला, उतरा पाण्यात!"

मग सुमित्राकाकूंनी, ज्या सत्तरीच्या होत्या आणि एरवी पायऱ्या धरूनच उतरायच्या, सरळ काठावरून उडी मारली. मागोमाग सगळ्याजणी.

पुढच्या उन्हाळ्यात अवयव बदललेल्या लोकांच्या स्पर्धेत शुभाने फ्रीस्टाइलला नाव घातलं. यामिनी विमानाने आली होती आणि गॅलरीतून "ताई, मार! हात मार!" असं इतकं ओरडत होती की शेजारच्या अमेरिकन म्हातारीनेही "टाई! टाई!" सुरू केलं. परतीच्या फेरीला शुभा तिसरी होती. तिने डाव्या पायाने पाणी मागे रेटलं, उजव्याने रेटलं, आणि शेवटच्या काही हातांत दोघींना मागे टाकून भिंतीवर पंजा आपटला.

पहिली!

शिडी बाजूलाच होती. शुभाने तिच्याकडे पाहिलंही नाही. काठावर दोन्ही हात टेकले आणि एका झेपेत अंग वर उचलून ती उभी राहिली.