बरं साहेब

रविवारी सकाळी बोरिवलीच्या घरी दशरथ परब जुने फोटो निवडत बसले होते. राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने वनक्षेत्रपाल म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. वणवे विझवले, सोसायट्यांत शिरलेले बिबटे सुखरूप जंगलात सोडले. कोकणातल्या पुरात मदतपथक घेऊन धावले, त्याचं कौतुक तर अजून होत होतं. आता सत्कार ठरला होता आणि गौरव अंकासाठी माहिती लिहून घ्यायला श्रुतिका आली होती. त्यांच्या हाताखालचे वनरक्षक भीमराज यांची ती मुलगी.

पुराचे फोटो तिने दोनदा चाळले.

"काका, होडीतून माणसं बाबांनीच काढली ना? मग जेवणाच्या, पाणीवाटपाच्या एकाही फोटोत ते कसे नाहीत? ते म्हणतात, मी ट्रक उतरवत होतो."

भीमराजने घरी एवढंच सांगितलं होतं तर. दशरथना तिच्याकडे बघवेना.

त्या दिवशी शाळेतल्या छावणीत भीमराज पाणी वाटायला उभा राहिला, तेव्हा गावातल्या चौघांनी त्याचं आडनाव विचारलं आणि दशरथना बाजूला घेतलं. याच्या हातचं पाणी गाव पिणार नाही, म्हणाले. त्यातल्या दोघांना भीमराजनेच तासाभरापूर्वी पुरातून ओढून काढलं होतं. माणसं उपाशी आहेत, आता वाद नको, अशी स्वतःची समजूत घालून दशरथनी त्याला ट्रकवर पाठवलं. "बरं साहेब," म्हणून तो गेला आणि तीन दिवस पावसात पोती उतरवत राहिला.

दशरथनी हे सगळं श्रुतिकाला सांगितलं. तिचं पेन थांबलं.

"साहेब तर तुम्हीच होतात ना, काका?" एवढंच ती म्हणाली.

ती गेल्यावर दशरथांची बायको प्रेमा हिने त्यांना समजावलं, की इतकी माणसं वाचवलीत, ही एक गोष्ट कशाला उगाळताय. पण त्यांना जेवण गेलं नाही. संध्याकाळी ते भीमराजच्या घरी गेले, माफी मागितली.

"गावाचं मला नवीन नव्हतं, साहेब. तुम्ही माझ्याकडे न बघता सांगितलंत, ते लागलं."

दुसऱ्या दिवशी दशरथनी तो प्रसंग अंकासाठी लिहून सत्कार समितीकडे दिला. अध्यक्षांचा फोन आला. कौतुकाच्या अंकात जातीचा विषय नको, तेवढं पान गाळू या, असं त्यांचं म्हणणं.

"मग सत्कारही गाळा," दशरथ म्हणाले.

सत्कार झाला नाही. पावसाळ्याआधी मात्र नव्या वनरक्षकांना बचावकार्य शिकवायला त्यांना बोलावलं. होडी, दोर, औषधं यांच्याही आधी त्यांनी भीमराजचं नाव घेऊन हीच हकिगत सांगितली. मागून एकाने विचारलं, "पण सर, चूक गावाची होती ना?"

"गावाने मागितलं," दशरथ म्हणाले, "आणि मी दिलं."