सुरुंगाच्या शेडचे पायपुसणे

मित्रांनो, ज्याच्यावर पाय पुसायचे त्याच्याकडे कोणी मान वाकवून बघत नाही. आज मात्र जरा बघा. मी एक जुने, एका कडेने जळलेले, वाखाचे पायपुसणे आहे.

माझा जन्मच मारातून झाला. शेवगावजवळ ओढ्याकाठी लंकाबाई राहायची. ती घायपाताची पाने पाण्यात कुजत घालायची आणि मग दगडावर ठेवून बडवायची. सगळा गर निघून पांढरा, चिवट वाख तेवढा उरेपर्यंत तिचा हात थांबत नसे. त्या वाखाला पीळ घालून तिने मला विणले. मी दोन हात रुंद आणि चार हात लांब होते, घोंगडीसारखे जड.

मला घेतले आबासाहेबांनी. गावाबाहेर, नदीच्या वाळूला लागून, त्यांची पत्र्याची एक शेड होती. १९४३ साल होते ते. विहिरी आटल्या होत्या, जो तो आपली विहीर खोल करत होता. कातळ फोडायला सुरुंगाची दारू लागे. ती ह्या शेडमध्ये कांडली जाई. उखळ लाकडाचे, मुसळ लाकडाचे. लोखंडाला आत मज्जाव होता आणि वाळूला तर त्याहून जास्त. वाळूचा एक खडा मुसळाखाली घासला आणि ठिणगी पडली, की संपलेच.

एकदा तसे झालेही होते. गिदोन नावाचा कामगार त्यात गेला. त्याची बायको हन्ना. नवऱ्याला पुरून आल्यावर तिसऱ्या दिवशी ती मालकांच्या पुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मालक, शेडीचं दार माज्या ताब्यात द्या. पायाला वाळू आसंल तर मी देवालासुदीक आत सोडायची न्हाई."

मालकांनी दार तिला दिले आणि दारात मला अंथरले. जोडे कडुनिंबाखाली काढायचे, हौदावर पाय धुवायचे, माझ्यावर पुसायचे आणि मग हन्नाला तळवे दाखवायचे, असा तिचा दंडक. आमोस हमाल गिदोनचा दोस्त होता. तो रोज हसून तळवा वर करायचा. "बघा वैनी, भाकर थापा ह्याच्यावर!"

कामाची सुट्टी झाली की हन्ना मला बाभळीच्या खोडावर आपटायची. दाणदाण. माझ्यातून मूठ-मूठ वाळू गळायची. मार लागायचा, पण त्या मारात राग नव्हता. राग असलेला मार कसा असतो, ते मला कारभारीने दाखवले.

कारभारी हा शेडचा मुकादम, मालकांचा मेहुणा. त्याच्या हातात बाभळीची काठी कायम असायची. कोणाची पाटी जरा रिती दिसली की पाठीवर वळ उठलाच. एका कामगाराचा दात त्याने पाडला, कारण तो बसून पाणी प्याला. पायात लोखंडी नालाचे जोडे असायचे. हन्नापुढे ते काढावे लागत म्हणून तो रोज मला लाथ घालायचा आणि पुटपुटायचा, "बाईमानसाचं राज्य आलंय!"

वैशाखातली गोष्ट. सकाळपासून वारा सुटला होता. दुपारी नदीतली वाळू उठली आणि सगळे आभाळ पिवळे झाले. वाळू माझ्या पिळापिळात शिरली, उंबऱ्यावर साचली. कितीही झटकले तरी मी भरतच होते. हन्नाने कांडणाऱ्या माणसांना बाहेर काढले, आतली उखळे झाकली आणि कडी घातली.

"आज काम बंद," ती म्हणाली. "वारा पडल्यावर झाडून घेऊ, मंग कांडू."

कारभारी तरातरा आला. संध्याकाळी गाड्या माल न्यायला येणार होत्या, आणि एक उखळ कांडायचे राहिले होते.

"कुनाला इचारून दार लावलं?"

"वाऱ्याला इचारून. मुकादम, वाळू बघा की केवढी हाय."

"हो बाजूला."

"न्हाई हुयाची."

त्याने तिच्या तोंडात मारली. आवाज वाऱ्यातही ऐकू आला. हन्ना दाराला पाठ लावून उभीच राहिली. तिच्या ओठातून रक्त आले आणि माझ्यावर ठिबकले. त्याने दुसरी मारली. तिसरीला ती खाली बसली, पण बसली ती माझ्यावर, उंबरा अडवून.

आमोस धावला. "मुकादम, बाईवर हात टाकू नगा!"

कारभारीने वळून त्याच्या डोक्यात काठी घातली. आमोसचे डोके नारळासारखे फुटले. तो दोन पावले मागे गेला आणि कोसळला. बाकीची माणसे जागीच थिजली. मग कारभारीने हन्नाचे केस धरले आणि तिला ओढले. तिने मला दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. तो ओढत गेला तशी ती आणि मी, दोघेही मातीतून फरफटत हौदापर्यंत गेलो. तिथे त्याने तिला टाकले आणि बरगडीत लाथ घातली.

"आता बघ मी कसा कांडतो ते!"

"मुकादम, जोडं तरी काढा!" ती ओरडली. "तुमच्या पाया पडते, जोडं काढा!"

तो तसाच गेला. वाळूने भरलेले, नालाचे जोडे घालून. कडी वाजली. आत मुसळाचे चार घाव पडले असतील, नसतील.

मित्रांनो, तो आवाज मला सांगता येणार नाही. पत्रे पाखरांसारखे उडाले. मागची भिंत बाहेर कोसळली. कडुनिंबाची पाने एका झटक्यात करपली. तयार माल लांबच्या कोठीत होता, म्हणून माणसे वाचली. आणि त्या धुरातून कारभारी बाहेर आला. चालत आला, पण सगळा पेटलेला.

कोणी पुढे होईना. हन्नाने मला उचलले, हौदात बुचकळले आणि ओलेचिंब मला घेऊन धावली. तिने मला त्याच्या अंगावर टाकले आणि त्याला मिठी मारून जमिनीवर लोळवले. माझी एक कड पेटली. तिचे हात भाजले. तिने सोडले नाही. आग विझली तेव्हा आम्ही तिघेही वाफाळत होतो.

आबासाहेब घोड्यावरून आले. पडलेली शेड आणि मेहुण्याची दशा बघून त्यांचे भानच गेले. त्यांनी हन्नाच्या अंगावर चाबूक उगारला.

"दार तुज्या ताब्यात हुतं ना? काय केलंस तू?"

तेव्हा माझ्याखालून घोगरा आवाज आला.

"दाजी... तिनं लावलं हुतं दार. म्या उघाडलं."

आबासाहेबांनी उगारलेला चाबूक खाली घेतला. कारभारीने तिच्याकडे पाहिले नाही, माफीचा शब्दही काढला नाही. एवढेच म्हणाला, आणि डोळे मिटले. बैलगाडीत घालून त्याला मिशनच्या दवाखान्याकडे नेले. मी त्याच्याखाली अंथरलेले होते. वाटेतच त्याचे अंग थंड पडत गेले, ते सगळ्यांत आधी मला कळले.

आमोस जगला. त्याच्या डोक्यावर बोटभर खाच राहिली आणि एका कानाने ऐकू येईनासे झाले. दिवाळीनंतर आबासाहेबांनी नवी शेड बांधली आणि स्वतः हन्नाच्या दारात आले.

"कामावर ये बाई. झालं ते झालं."

"येते," हन्ना म्हणाली. "पन किल्ली माज्याकडं राहील. तुमी म्हनला 'उघड', तरी मी म्हनंन तवाच उघडंल. आन् त्या शेडीत काठी दिसायची न्हाई."

मालकांनी खाली बघून किल्ली तिच्या भाजलेल्या तळहातावर ठेवली.

नव्या दारात नवे पायपुसणे आले. मला हन्नाने आपल्या घरी आणले. आता मी तिच्या चुलीपाशी असते. ती माझ्यावर बसून भाकरी थापते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला फार काही नको असते. आठवड्यातून एकदा झटका, अधूनमधून ऊन दाखवा, एवढे पुरे. पण कोणाच्या दारात कोणी तुम्हाला म्हणाले, "पाय पुसा," तर त्या माणसाचा राग धरू नका. ते दार त्याने कशापायी राखले आहे, हे तुम्हाला ठाऊक नसते. ज्याला घाई आहे त्याने एकदा पाय पुसावेत. आणि ज्याला राग आला आहे, त्याने बाहेरच थांबावे.