गोऱ्याची मिठाई

चौकात चहा पिऊन गेलेल्या माणसाने सखाला टोस्ट खाताना पाहिलं नसेल, तर त्याने फक्त चहाच प्यायला असं समजावं. मुंबई-पुणे रस्त्यावरच्या ह्या चौक गावात गॅरेजांची रांग होती, तिच्या टोकाला सखाचं पत्र्याचं चहाचं दुकान. सकाळचा पहिला चहा उतरला की तो आधी स्वतःचा कप भरी. बरणीतून एक टोस्ट काढी, अर्धाच बुडवी, दोनदा ‘राम, राम’ म्हणे, वर उचली, बशीच्या काठावर दोनदा टेकवी आणि डोळे मिटून तोंडात घाली. उजव्या हाताची करंगळी तेवढा वेळ ताठ बाहेर. तो काही नखरा नव्हता. ट्रकवर क्लीनर असताना इंजिन चालू करायचं हँडल उलटं फिरलं आणि ती मोडली. जुळली ती तशीच, पुन्हा मिटली नाही. पण अठरा वर्षांत त्याचा एकही टोस्ट चहात पडला नव्हता, आणि ही गोष्ट तो नव्या गिऱ्हाइकाला न विचारता सांगत असे.

असा हा स्वतःवर खूश असलेला माणूस. त्र्याऐंशी सालच्या मार्गशीर्षात त्याच्या पोटात दुखायला लागलं, ते थेट होळीपर्यंत थांबलं नाही.

झालं असं की खोपोलीच्या एका कारखान्यात यंत्र बसवायला इटलीहून एक साहेब आला होता. रेंझो त्याचं नाव. शुक्रवारी त्याची भाड्याची गाडी सखाच्या दुकानासमोर बंद पडली. शेजारच्या गॅरेजचा वाल्मिक मिस्त्री म्हणाला, सामान मुंबईहून यायचं, सोमवार उजाडेल. गाडीत साहेबाची हत्यारं होती, ती सोडून तो हलेना. मग गॅरेजात खाट टाकून तो तिथेच राहिला आणि जेवायला सखाकडे येऊ लागला. भाकरी आवडीने खाई, पण आमचा चहा प्यायला की तोंड वाकडं करी. शेवटी त्याने गाडीतून स्वतःची छोटी किटली काढली आणि सखाच्या स्टोव्हवर बिनदुधाची काळी कॉफी उकळली. सखाला त्याचंही काही वाटलं नाही. साहेबलोकांच्या तऱ्हा असतात.

शनिवारी सखा साखर आणि चहापत्ती आणायला कर्जतला गेला. संध्याकाळी पोतं खांद्यावर घेऊन परत आला, तर दुकानाच्या मागच्या बाजूने एका बाईचं हसणं ऐकू आलं. अगदी मोकळं, मध्ये श्वास घ्यायला थांबून पुन्हा सुटणारं हसणं. कोण बाई आली असेल, असा विचार करत तो मागे गेला. ती त्याची बायको मोतीबाई होती.

मोतीबाईच्या एका बाजूला साहेब गळ्यात कॅमेरा अडकवून उभा, दुसऱ्या बाजूला वाल्मिक पोट धरून बसलेला. सखाला बघताच तिघंही एकदम गप्प झाले. मोतीबाईने पदर सावरला आणि विनाकारण फळी पुसायला घेतली.

“काय चाललंय?” सखाने विचारलं.

“काय नाय. सायब गोड करतोय काय तरी. रातच्याला घट्ट झालं की खावा जरासं.”

आता हे गोड म्हणजे काय, तर तिरामिसू की असंच काहीसं नाव, ते चौकात कुणाच्या जिभेला वळलं नाही. म्हशीच्या दुधाची दाट साय गरम करून, लिंबू पिळून, फडक्यात टांगून ठेवलेली. कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलक साखरेबरोबर फेसलेला. ते दोन्ही एकत्र करायचं. सखाच्याच बरणीतले टोस्ट काळ्या कॉफीत बुडवून स्टीलच्या चपट्या डब्यात मांडायचे, वर सायीचा थर, पुन्हा टोस्ट, पुन्हा साय, सगळ्यात वर कोकोची पूड. चूल नाही, भट्टी नाही. डबा थंड पेयांच्या बर्फाच्या पेटीत ठेवून द्यायचा, चार-सहा तासांनी घट्ट होतो. डबा लहान, वड्या फक्त सहा.

“कच्च्या अंड्याचं मी नाय खात,” सखा म्हणाला आणि साखरेचं पोतं जरा जोरातच आपटलं.

सोमवारी गाडी सुरू झाली. निघताना साहेबाने सखाचा हात हातात घेतला, बराच वेळ सोडला नाही, आणि त्याच्या वाकड्या करंगळीकडे बघून हसला. सखाच्या डोक्यात तिडीक गेली. एक तर माझ्या घरात माझ्या बायकोबरोबर हसायचं, वर माझ्या मोडक्या बोटाला हसायचं. पण साहेब पाहुणा, आणि गाडी सुटलेली.

साहेब गेला, पण मिठाई राहिली, आणि तिच्यासाठी त्याने ठेवलेले कॉफी-कोकोचे डबेही. दर शुक्रवारी मोतीबाई साय टांगू लागली आणि शनिवारी तो डबा भरू लागली. एका टेम्पोवाल्याने चाखली, त्याने दुसऱ्याला सांगितलं, आणि महिन्याभरात पुण्याकडचे दोन-चार ड्रायव्हर शनिवारी मुद्दाम थांबू लागले. “वयनी, गोऱ्याची मिठाई हाय का?” असं ते दुकानात पाय ठेवायच्या आधीच विचारत.

गोऱ्याची मिठाई! दूध सखाच्या म्हशीचं, अंडी सखाच्या कोंबड्यांची, टोस्ट त्याचा, बर्फ त्याचा, बायको त्याची, आणि नाव गोऱ्याचं. सखाच्या अंगाचा तिळपापड होई. त्याने एकदा ड्रायव्हरांना सांगून बघितलं की ह्यात कच्ची अंडी असतात बरं का. तर ते म्हणाले, मग ताकदीला चांगलं, आणि दोन-दोन वड्या मागू लागले.

मोतीबाई डबा भरायला बसली की सखा पाठ फिरवून रस्त्याकडे बघत बसे. तिचं त्या कामात मन लागलेलं त्याला बघवत नसे. तिच्या ओठांवर तेव्हा बारीकसं हसू असतं, हे त्याने पहिल्याच शनिवारी पाहिलं होतं. पुन्हा बघायची त्याला हिंमत नव्हती. अठरा वर्षांच्या संसारात त्याने तिला रडताना पाहिलं होतं, रागावलेली पाहिली होती, लग्नाकार्यात तोंडाला पदर लावून हसतानाही पाहिली होती. पण त्या संध्याकाळसारखी ती त्याच्यापुढे कधीच हसली नव्हती. तसं हसणं तिच्याजवळ आहे हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. आणि ते काढलं कुणी, तर तीन दिवस राहून गेलेल्या परक्या माणसाने. हे त्याला खात होतं. ती कुठे पळून जाणार नव्हती, एवढं त्याला कळत होतं. पण त्या कळण्याचा त्याला काही उपयोग होत नव्हता.

एकदा त्याने विचारलंच. “त्या दिशी काय बोलला गं तो तुला?”

“कोण?”

“तुझा साहेब.”

“माझा कसला? त्याला काय मराठी येत हुतं का?”

“मंग हसत कशाला हुतीस?”

मोतीबाईने त्याच्याकडे बघितलं, काही सांगणार असं वाटलं, आणि मग मान खाली घातली. “उगाच,” ती म्हणाली.

त्या ‘उगाच’ने सखाची आठ दिवस झोप उडवली. पुढच्या शनिवारी त्याने बर्फवाल्याला येऊ नको म्हणून निरोप धाडला. पेटी कोरडी राहिली. दुपारपर्यंत डब्यातली साय पातळ होऊन कडेने उतरली, टोस्ट लगदा झाले. मोतीबाईने झाकण उघडून बघितलं. डबा कोंबड्यांपुढे रिकामा केला आणि राखेने घासला. सखाला वाटलं होतं, जीव थंड होईल. तसं काही झालं नाही, उलट तिच्या पाठीकडे बघून त्याला चोरी केल्यासारखं वाटत राहिलं. पुढच्या शनिवारी ती स्वतः जाऊन गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी डोक्यावरून घेऊन आली.

होळी झाली, तेव्हा सखाने मनाशी ठरवलं आणि सांगून टाकलं. “ह्यो शनिवार शेवटचा. पुढं ही मिठाई आपल्याकडं करायची नाय.”

“का?”

“आपलं चायचं दुकान हाय.”

“बरं,” मोतीबाई म्हणाली. तिने वाद घातला असता तर बरं झालं असतं.

तो शेवटचा शनिवार. सकाळीच डबा भरून तिने पेटीत ठेवला आणि दुपारी दळण घेऊन गिरणीवर गेली. तेवढ्यात पोस्टमन आला. परदेशी तिकिटांचं पाकीट, वर इंग्रजीत गॅरेजशेजारचं चहाचं दुकान, चौक, एवढाच पत्ता. सखाने सुरीने ते फोडलं. आत चिठ्ठी नव्हती, एक रंगीत फोटो होता.

फोटोत मोतीबाई. मागे त्याचंच दुकान, त्याचाच स्टोव्ह. बाजूला वाल्मिक हसून वाकलेला. आणि मोतीबाईचा चेहरा असा उजळलेला, की सखाला त्या संध्याकाळचं हसणं पुन्हा कानात ऐकू आलं. इतके दिवस त्याने ते फक्त ऐकलं होतं, आता पाहिलंही. साता समुद्रापलीकडे त्या माणसाने हा चेहरा जपून ठेवला, धुऊन घेतला, वर पाठवूनही दिला. सखाचे कान तापले. ती यायच्या आत हे जाळलं पाहिजे. त्याने चिमटीत फोटो धरला आणि स्टोव्हच्या ज्योतीवर नेला.

कोपरा पिवळा पडायला लागला, तेव्हा त्याची नजर स्वतःच्या हातावर गेली. फोटो धरलेल्या चिमटीतून त्याची करंगळी ताठ बाहेर आली होती. आणि तिच्या अगदी शेजारी, फोटोतल्या मोतीबाईचीही करंगळी ताठ बाहेर होती.

त्याने फोटो झटकन मागे घेतला. कोपरा विझवला आणि दारात उजेडाला जाऊन नीट बघितलं. मोतीबाईच्या हातात टोस्ट होता. अर्धा ओला. डोळे मिटलेले. ओठ पुढे काढलेले, त्यांच्या कडांतून हसू फुटू पाहणारं, मान जरा वर, जगातला सगळ्यात शहाणा माणूस आपणच असल्यासारखी. सखाने स्वतःला टोस्ट खाताना कधी पाहिलं नव्हतं, पण हे ध्यान कुणाचं आहे ते सांगायला कुणी लागलं नाही.

मोतीबाई पिठाचा डबा घेऊन आली. त्याच्या हातातला फोटो, जळका कोपरा, पेटता स्टोव्ह, सगळं तिने एका नजरेत पाहिलं.

“माझी नक्कल केलीस,” सखा म्हणाला.

तिने डबा खाली ठेवला. “रागावू नका. सायबाचं टोस्ट सारखं कॉफीत मोडायचं, नायतर कोरडं ऱ्हायाचं. त्याच्या देशातली बिस्किटं निराळी म्हनं. मी म्हटलं, आमचं मालक बुडवतात तसं बुडव, त्यांचा कंदी पडत नाय. त्याला कळंना. तुमचं नाव मी कसं घेनार? मंग करूनच दाखवलं.”

“करंगळी पन?”

“करंगळीबिगर ते तुमचं कसं दिसंल?”

“मंग सांगायचं नाय का मला? चार महिनं झालं.”

“तुमच्या टोस्टाला हसलं म्हनून सांगू? गावभर मिरवता तुमी त्यो टोस्ट.” तिने फोटोतल्या टोस्टाकडे बोट दाखवलं. “मी अजून तसंच बुडवते. राम, राम. दोन टाइम. त्याबिगर ती मिठाई जमतच नाय.”

सखाला एकदम खूप हलकं वाटलं, आणि त्या भरात त्यालाही चेव आला. नक्कल काय फक्त हिलाच येते? त्याने बरणीतून टोस्ट काढला आणि म्हणाला, “आता बघ. तू कशी खातेस ते मी दावतो.”

टोस्ट हातात धरून तो उभा राहिला.

ती अख्खा बुडवते की मोडून? बसून खाते की उभ्याने? चहात साखर घेते की नाही? सखाने आठवायचा खूप प्रयत्न केला. त्याचा कप भरून झाला, गिऱ्हाइकांचे भरून झाले, की ती आपला चहा घेऊन मागे जाई, एवढं त्याला ठाऊक होतं. मागे जाऊन त्याने कधी बघितलं नव्हतं. तिने त्याची करंगळीसुद्धा पाठ केली होती, आणि त्याच्याजवळ तिचं नक्कल करण्याइतकंही काही नव्हतं. ती वाट बघत होती, ओठांवर ते बारीक हसू आणून. सखाने टोस्ट हळूच बरणीत परत ठेवला.

मग त्याने बर्फाची पेटी उघडली, डबा काढला आणि एक वडी बशीत घेतली. बाक ओढून बाहेर, रस्त्याच्या बाजूला मांडला.

“बस हितं.”

“गिऱ्हाईक येतील. सहाच हायत्या.”

“येऊ देत. तू कंदी खाल्लीस का ही?”

“त्या दिशी सायबानं दिली ती. मंग कुठं उरते?”

“खा. मला बघायचंय.”

मोतीबाई संकोचून बाकाच्या टोकाला बसली. चमच्याने तिने वडीचे दोन भाग केले, एक मोठा, एक लहान. विचारसुद्धा न करता मोठा भाग बशीतच त्याच्याकडे सरकवला आणि लहान उचलायला हात पुढे केला.

सखाने बशी फिरवली. मोठा तुकडा तिच्यासमोर आला, आणि तो बघत बसला.