सिंकखालचं भांडण

माझ्या नाकावर राग असतो, हे मला कुणी सांगायला नको. मी एका दवाखान्याच्या चौकशी खिडकीवर काम करते. "हो काका, डॉक्टर येतीलच," "नाही मावशी, रिपोर्ट उद्या मिळेल," असं आठ तास गोड बोलून माझी जीभ थकत नाही, उलट तिला धार चढते. मग घरी आल्यावर मी नवऱ्यावर ओरडते, लेकीवर ओरडते, कुणीच सापडलं नाही तर कुकरवर ओरडते. त्यांना त्याची सवय आहे. लेक शिकायला हॉस्टेलवर गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला, "आई, जरा ओरड ना, इथे करमत नाही."

फक्त सासऱ्यांवर मी कधी आवाज चढवला नव्हता.

सासूबाई गेल्यावर सासऱ्यांनी शिवणाचं दुकान बंद केलं आणि तीन महिन्यांपूर्वी ते आमच्याकडे राहायला आले. चाळीस वर्षं लोकांचे शर्ट-पँट शिवलेला माणूस, मऊ बोलणारा. नवऱ्याने आधीच हात जोडले होते, "बाबांसमोर जरा जपून." मी तोंडाला कुलूप लावलं. "बाबा, चहा ठेवू का? बाबा, पंखा चालेल ना?" तेही तसेच. "चालेल, तुला त्रास नसेल तर." खुर्चीच्या कडेवर बसायचे, स्वतःचा कप धुऊन पालथा घालायचे, टीव्ही लावायच्या आधी विचारायचे. घरात दोन माणसं एकमेकांशी इतकं अदबीनं बोलायला लागली की नवरा म्हणाला, "मला बँकेत आल्यासारखं वाटतंय."

आणि पंधरा दिवसांपूर्वी जेवताना ते हळूच म्हणाले, "ज्येष्ठांसाठी एक निवास आहे. मी अर्ज भरलाय. माझ्या वयाची माणसं आहेत तिथे." नणंदेने जागा बघून ठेवली होती. रविवारी पाच वाजता ती गाडी घेऊन न्यायला येणार, हेही ठरलं होतं. नवरा ताटात बघत म्हणाला, तुमची इच्छा असेल तर ठीक.

मला ते जायला नको होते. अगदी सरळ सांगते, नको होते. पडदे जमिनीला घासतात हे मला दहा वर्षं दिसत होतं, ते त्यांनी कुणाला न सांगता दोन बोटं वर घेतले होते. मी जिना चढून वर यायच्या आत दार उघडलेलं असायचं, पावलं ओळखायचे माझी.  पण तोंडातून काय निघालं? "जशी तुमची इच्छा, बाबा." तोच खिडकीवरचा आवाज.

तर त्या रविवारी, त्यांची बॅग भरून दाराशी ठेवलेली, नवऱ्याची नेमकी ड्यूटी, आणि दुपारी बाराला स्वयंपाकघरातल्या सिंकखाली फट्कन आवाज झाला. भिंतीतून येणाऱ्या पाइपचा एल्बो, म्हणजे तो कोपऱ्यावरचा वाकडा जोड, फुटला होता. कपाटातली डाळ-तांदळाची डबडी पाण्यात तरंगायला लागली. मी धावत जाऊन मागच्या बाल्कनीतला मेन कॉक बंद केला. प्लंबरला फोन लावला. "उद्या येतो," तो म्हणाला. गेल्या वेळचा त्याचा उद्या नवव्या दिवशी उजाडला होता.

तशी मला प्लंबरची गरज पडत नाही. माझे वडील कारखान्यात फिटर होते. पाना कसा धरायचा हे मला वेणी घालायच्या आधी आलं. त्यांची हत्यारांची पेटी अजून माझ्याकडे आहे आणि तिला कुणी हात लावलेला मला चालत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवीन एल्बो, जोडायचं सोल्यूशन आणि पांढरी टेप आणली. पाइपचा एक तुकडा माळ्यावर होताच. कमरेला ओढणी खोचून सिंकखाली शिरले, तर मागून आवाज आला.

"मी काही धरू का?"

सासरे बाह्या दुमडून उभे. जायचे म्हणून घातलेला इस्त्रीचा शर्ट, खिशात मापाची टेप. ती ते झोपतानाच काय ती काढतात.

काम करताना मला मदतनीस नको असतो. पण आज नाही कसं म्हणायचं? बॅटरी दिली त्यांच्या हातात. आता बॅटरी धरणाऱ्याने काम चाललंय तिथे उजेड पाडायचा, एवढंच असतं. पण यांचा जन्म गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून माप घेण्यात गेला. गिऱ्हाईक कुठे अवघडतंय, कुठे श्वास धरतंय, हे ते चेहऱ्यावरून ओळखणार. त्यामुळे उजेड माझ्या डोळ्यांत.

"बाबा, जरा खाली घेता का?" मी दात आवळून गोड म्हणाले.

"हो, हो." बॅटरी खाली गेली. मी "हुश्श" केलं की परत वर.

फुटलेला भाग मी करवतीने कापून काढला आणि नवीन एल्बो बसवला. आता खालच्या एल्बोपासून वरच्या जोडापर्यंत नवा तुकडा हवा. मी हात पुढे करायच्या आत त्यांची मापाची टेप लागलीसुद्धा. "नऊ इंच," ते म्हणाले. मग थोडं चाचरत, "पण नवावर कापू नकोस. दोन्हीकडे आत दाबायला पाऊण-पाऊण इंच जास्त धर. शिलाईत जातं तेवढं."

"बाबा, हे कापड नाही ना," मी हसून म्हणाले आणि बरोब्बर नवावर कापलं.

तुकडा खालच्या एल्बोत बसवला आणि वर बघितलं. वरचा जोड हवेत. पाइप दोन्ही जोडांच्या आत जातो, तेवढा तो लांब लागतो, हे मी वयाच्या नवव्या वर्षी शिकले होते आणि त्या दिवशी विसरले, कारण माझं अर्धं डोकं दाराशी ठेवलेल्या बॅगेत होतं. मी स्वतःवर इतकी चिडले की कान तापले.  उरलेल्या पाइपवर सासऱ्यांनी खिशातल्या शिंप्याच्या खडूने साडेदहा इंचांवर रेघ मारली आणि माझ्यासमोर धरला. मी निमूटपणे कापला. फिट्ट बसला. सोल्यूशन लावून दाबून धरला आणि म्हटलं, आता तासभर कुणी हात लावायचा नाही.

तो तास आम्ही स्वयंपाकघरात बसून काढला. मी फरशीवर, ते खुर्चीच्या कडेवर. घड्याळात अडीच, मग तीन. मी मनात वाक्य जुळवत होते. बाबा, नका जाऊ. बाबा, राहिलात तर बरं होईल. एकही धड जमेना. मग मी म्हणाले, "चहा घेणार?" ते म्हणाले, "तुला त्रास नसेल तर."

शेवटचं काम राहिलं होतं पितळी कॉकचं. त्या वरच्या जोडात तो आट्यांनी फिरवून बसतो, आणि आट्यांतून पाणी झिरपू नये म्हणून त्यांवर पांढरी टेप गुंडाळायची असते. "हे मी करू?" त्यांनी विचारलं. त्यांच्या हातात टेप दिली. काय सुंदर गुंडाळली! एका वेढ्यावर दुसरा वेढा, कुठे सुरकुती नाही. मी कॉक फिरवून घट्ट केला, वरच्या नळाची नळी जोडली आणि त्यांना मागच्या बाल्कनीत पाठवलं.

"मी सांगितलं की मेन कॉक थोडासा सोडा, बाबा. हळू."

त्यांनी हळूच सोडला. पाइपमधून घुर्र झालं, आणि पितळी कॉकच्या आट्यांतून पाण्याची चिळकांडी थेट माझ्या तोंडावर आली.

"बंद करा!" मी ओरडले. घाईत त्यांनी कॉक फिरवला तो उलट्या बाजूला. होता नव्हता तेवढा सगळा उघडला. चिळकांडीचा फवारा झाला. माझ्या नाकातोंडात पाणी गेलं, आणि तीन महिन्यांचं कुलूप तुटलं.

"अहो बाबा, काय करताय काय! बंद म्हटलं, बंद! इकडे मी बुडतेय आणि तिकडे तुम्ही धरण सोडताय! आणि ही टेप! उलटी गुंडाळलीत! फिरवताना सगळी सुटली! दुपारपासून एक काम धड नाही! बॅटरी धरा म्हटलं तर माझ्या डोळ्यांत, बंद करा म्हटलं तर उघडा! डोकं काय दुकानात विसरून आलात?"

पाणी थांबलं.  मी सिंकखाली ओलीचिंब बसून होते आणि मला रडू यायला लागलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. दोन तासांनी जाणारा माणूस, त्याला मी जाताना हे बांधून दिलं.

चपलांचा चपचप आवाज करत ते दारात आले.

"झालं बोलून?"

मी मान खाली घातली.

"मग आता माझं ऐक." हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. असा आवाज त्यांच्यात होता हेच मला माहीत नव्हतं. "नवावर कापू नकोस, हे कोण म्हणालं होतं? चांगला पाइप वाया घालवलास! वर मलाच सांगतेस, हे कापड नाही! मी बोललो काही? टेप कुठल्या बाजूने गुंडाळायची हे तू सांगितलंस? चाळीस वर्षं मी मशीनवर दोऱ्याची बॉबिन भरतोय, माझा हात त्याच बाजूला जाणार! तुझ्या वडिलांनी तुला पाना धरायला शिकवलं, दुसऱ्याचं ऐकायला नाही शिकवलं!"

"माझ्या वडिलांना मध्ये आणू नका!"

"मग माझ्या दुकानाला का आणलंस?"

 "टेप द्या इकडे," मी म्हणाले.

"सरक," ते म्हणाले, आणि इस्त्रीच्या शर्टासकट माझ्या शेजारी सिंकखाली शिरले. अंगाने काटक, मला बसता येत नव्हतं तिथे ते आरामात मावले. पाना मागितला. वडिलांच्या पेटीतला पाना मी नवऱ्यालाही देत नाही. दिला.

मग जे चाललं ते भांडण होतं की काम, सांगता येणार नाही. त्यांनी कॉक काढला, आटे फडक्याने पुसले. मी म्हणाले, कॉक ज्या बाजूला फिरवून घट्ट होतो त्याच बाजूला वेढे द्या. ते म्हणाले, कळलं, मी काही कालचा नाही. मी म्हणाले, सहा वेढे. ते म्हणाले, आठ. "सहा!" "मला वेढे शिकवू नकोस!" पहिल्यांदा बसवला तर अजून थेंब थेंब गळत होतं, कारण आठ वेढ्यांनी कॉक पुरता आत जाईना. तेव्हा मी जे काय बोलले ते जिन्यापर्यंत गेलं असणार. ओली पायपुसणी बाहेर टाकायला दार उघडं ठेवलं होतं.

"वहिनी!"

नणंद स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. घड्याळात पाच. हातात गाडीची किल्ली, चेहरा पांढराफटक.

"बाबांशी असं बोलता तुम्ही? आज जायच्या दिवशीसुद्धा? तरीच म्हटलं, बाबा का निघाले या घरातून!"

 खरंच ती काय चूक बोलली? तिने ऐकलं तेच सांगितलं.

सिंकखालून सासऱ्यांचं डोकं बाहेर आलं. केसांतून पाणी गळत होतं, शर्टाच्या खिशावर खडू फासलेला.

"तू मध्ये बोलू नकोस," ते लेकीला म्हणाले. "आमचं काम चाललंय."

"पण बाबा, ती तुमच्यावर ओरडत होती!"

"मग? मीही ओरडत होतो." ते सावकाश उठून फरशीवर बसले. "तीन महिने ही माझ्याशी असं बोलायची, जसं काही मी दोन दिवसांचा पाहुणा आहे. सगळ्यांवर ओरडते. नवऱ्यावर, फोनवरून लेकीवर, दूधवाल्यावर. मला मात्र 'हो बाबा, जशी तुमची इच्छा.' मला वाटलं, हिला मी घरचा वाटत नाही. पाहुण्याने किती राहायचं? म्हणून अर्ज भरला." मग माझ्याकडे न बघता लेकीला म्हणाले, "तुझी आई माझ्यावर बेचाळीस वर्षं ओरडली. ती गेली तेव्हापासून कुणी ओरडलं नव्हतं."

नणंद खुर्चीत बसली. किल्ली तिच्या हातातून खाली पडली, तिने उचलली नाही.

आणि मी? मनात जुळवलेली ती सगळी छान वाक्यं, राहिलात तर बरं होईल वगैरे, आता तरी म्हणायला हवी होती. तोंड उघडलं, आणि जे बाहेर आलं ते असं,

"जायचं नाव परत काढून तर बघा! तंगडं मोडून ठेवीन!"

सासऱ्यांना असं कुणी बोलतं का? समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडल्याचा आवाज आला. नणंदेने तोंडावर हात ठेवला.

सासऱ्यांचे डोळे भरून आले होते. पोराचा पहिला नंबर आल्यावर बाप ज्या चेहऱ्याने गल्लीभर फिरतो, तसा चेहरा करून ते लेकीकडे वळले.

"ऐकलंस?" ते म्हणाले.